क्षणभर हललेली सूची

एकोणिसावे शतक उजाडले ते विजेचा अखंड प्रवाह हाती घेऊनच. इ. स. १८०० मध्ये इटलीतील व्होल्टा ह्या शास्त्रज्ञाने जस्ताच्या व चांदीच्या चकत्यांची चळत रचली, त्यांच्या दरम्यान मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले आणि त्या चळतीपासून सतत वाहणारा विद्युत्प्रवाह मिळविला. अशाच घटमालेच्या साहाय्याने १८०७ मध्ये इंग्लंडात हंफ्री डेव्हीने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये प्रथम वेगळी काढली.

पुढे १८२० मध्ये कोपनहेगन येथे अर्स्टेडला असे आढळले की, तारेतून प्रवाह सोडला असता जवळची चुंबकसूची आपली दिशा सोडून वळते. वीज व चुंबकत्व यांचे नाते त्यामुळे उघड झाले. साहजिकच विद्वानांच्या मनात उलट प्रश्न उभा राहिला : विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये?

प्रश्न सोपा होता; उत्तरास मात्र अकरा वर्षे लागली. असे का व्हावे? १८२५ मध्ये जिनीव्हा येथील कोलाडोन ह्या तरुण संशोधकाने केलेला प्रयोग आपण पाहू. चुंबकाचा सूचीवर प्रत्यक्ष परिणाम होऊ नये म्हणून त्याने प्रवाहदर्शक यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवले व लांब तारांनी ते वेटोळ्यास जोडले. वेटोळ्याजवळ चुंबक नेऊन तो यंत्र पाहावयास गेला, तो सूची स्थिर! वीज उत्पन्न झाली होती, परंतु ती पाहावयास त्या खोलीत कोणीच नव्हते. ही हयगय नव्हती. उलट दक्षताच होती. वीज उत्पन्न झाली तर ती टिकून राहील, ही समजूत तेवढी चुकीची होती.

हे कोडे मायकेल फॅरडेने सोडविले. हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला व बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच त्याला शास्त्राची गोडी लागली. १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हीचा साहाय्यक झाला.

दि. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक वेटोळे घटमालेस जोडावयाचे होते. दुसऱ्याची तार त्याने चुंबकसूचीवरून नेली होती. घटमाला जोडताच सूची हलली व पुन्हा जागेवर आली. प्रवाह वाहत असता ती स्थिर राहिली. तो तोडताच पुन्हा हलली. ह्या क्षणिक हालचालीतच रहस्य होते. चुंबकत्व नुसते असून भागत नाही. ते बदलावे लागते. १७ ऑक्टोबरला त्याने पोकळ वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून तोच परिणाम दाखविला. आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वाहणारा प्रवाह मिळविला. जनित्राचा हाच आरंभ होय. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनेही हे प्रवर्तन स्वतंत्रपणे शोधून काढले होते.

कोयनेचे पाणी जी चक्रे फिरविते, त्यांना जोडलेली जनित्रे ह्याच तत्त्वावर वीज निर्माण करतात. विद्यार्थिमित्रांनी शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. चुंबक वेटोळ्यात नुसता ठेवला, तर काटा शून्यावरच राहील. तो हलविला की काटाही हलेल. मात्र त्या क्षणी आपली दृष्टी काट्यावर असली पाहिजे.