खुराड्यातला कोंबडा कोणता ठेवावा?

वऱ्हाडातल्या खेड्यांत अनेक घरांच्या परसात आठ-दहा गावरान कोंबड्या चरताना दिसतात. एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली आणि तिची सातआठ पिल्ले जगली, की त्यांतली साधारण निम्मी नर निघतात. एवढे नर एका खुराड्यात ठेवणे परवडत नाही. ते आपसांत झुंजतात, कोंबड्यांना सतावतात आणि दाणा संपवतात. तेव्हा एक ठेवायचा आणि बाकीचे विकायचे किंवा खायचे, हे ओघानेच आले. पण ठेवायचा कोणता?

खरे म्हणजे पुष्कळ घरी हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. वजनदार कोंबड्याला भाव चांगला येतो, म्हणून तो आधी दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या बाजारात जातो. दुसरा आखाडीला कापला जातो. तिसरा पाहुणे आले की संपतो. शेवटी उरतो तो सर्वांत किडमिडीत, आणि तोच पुढच्या पिढीचा बाप होतो! तुरीच्या बियाण्यासाठी टपोरे दाणे बाजूला काढणारा शेतकरी कोंबड्यांच्या बाबतीत नेमके उलटे करतो.

याचा परिणाम किती मोठा असतो, हे साध्या हिशेबाने समजते. प्रत्येक पिल्लाला निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी बापाकडून मिळतात. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा असेल, तर नऊ कोंबड्या मिळून पुढच्या पिढीला जेवढे देतात तेवढे तो एकटा कोंबडा देतो. म्हणून कोंबडीची निवड थोडी चुकली तरी चालते. कोंबड्याची चुकून चालत नाही.

निवड वजनावर करायची असेल, तर एकाच दिवशी अंड्यांतून निघालेल्या नरांचीच तुलना करावी. दोन आठवडे आधी जन्मलेला नर मोठा दिसणारच. त्यात त्याचे कर्तृत्व काही नाही. पिल्लांच्या पायात रंगीत दोरा सैलसर बांधावा, पाय जाड होतील तसा तो बदलावा, आणि बारा आठवड्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर प्रत्येकाचे वजन करून वहीत लिहावे. पाय सरळ, डोळे तेजस्वी आणि छाती भरलेली हवी.

पण अंड्यांचे काय? कोंबडा तर अंडी देत नाही! इथे त्याच्या आईची नोंद उपयोगी पडते. पक्ष्यांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रे माणसाच्या उलट असतात. नरात दोन ‘झेड’, तर मादीत एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. मादी आपले एकुलते एक ‘झेड’ मुलाला देते. मुलीला मिळते ते बापाचे. म्हणजे चांगल्या कोंबडीच्या ‘झेड’वरील गुण तिच्या मुलींत उतरत नाहीत, ते मुलाच्या वाटेने नातींपर्यंत जाऊ शकतात. इतर गुणसूत्रांवरही अंड्यांशी संबंधित अनेक जनुके असतात, आणि तीही निम्मी आईकडूनच आलेली असतात. म्हणून ज्या कोंबडीने जास्त अंडी दिली आणि जास्त पिल्ले जगवली, तिचाच मुलगा ठेवावा.

अकोला-अमरावतीकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ऊन. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि तुरा, गलोल यांतून उष्णता बाहेर सोडणे, एवढेच तिच्या हाती असते. उघड्या मानेच्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या असतील. दिसायला त्या बेढबच, पण त्यांच्या अंगावर पिसे कमी असल्याने त्यांना ऊन सोसते. हा गुण एकाच जनुकाचा आहे. मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका असेल, तर त्या पक्ष्यात हे जनुक एकच आहे, आणि त्याच्या निम्म्या पिल्लांत ते उतरेल. मान जवळजवळ पूर्ण उघडी असेल तर जनुके दोन आहेत, आणि प्रत्येक पिल्लाला एक मिळणारच. मेंडेलचे नियम असे परसात उभे राहून तपासता येतात!

स्वभावही पाहावा. चांगला कोंबडा दाणा सापडला की ‘कुक्‌कुक्‌’ करून कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली तर तो एक लांबट, बारीक आवाज काढतो. कुत्रा किंवा मुंगूस आले तर वेगळाच, तुटक आणि मोठा आवाज करतो. आठवडाभर ऐकलेत तर दोन्ही आवाज ओळखू येतील. लहान मुलांच्या अंगावर धावून जाणारा कोंबडा मात्र, वजन कितीही भरो, ठेवू नये.

इतके करून निवडलेला कोंबडाही कायमचा ठेवता येत नाही, कारण वर्षभरात त्याच्याच मुली त्याच्यासमोर अंड्यावर येतात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी दिलेले एक सूत्र आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले एकूण संख्या. एक नर आणि नऊ माद्या असतील तर उत्तर येते ३.६. दिसायला कळप दहाचा, पण जनुकांच्या वैविध्याच्या दृष्टीने चारांचाही नाही! दोन नर आणि आठ माद्या ठेवल्या तर हाच आकडा ६.४ होतो. जवळच्या नात्यात प्रजा वाढत गेली की अंडी कमी उबतात आणि पिल्ले अशक्त निघतात. म्हणून दर वर्षी दुसऱ्या गावातल्या चांगल्या कोंबड्याशी अदलाबदल करावी. आणलेला कोंबडा मानमोडीसारखा रोग घेऊन येऊ शकतो. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचून घ्यावी आणि निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा.

जुना कोंबडा काढून नवा सोडला, तरी लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत. कोंबडीच्या अंडनलिकेत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. अदलाबदल १ जूनला झाली असेल, तर २२ जूनपूर्वीच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या बापाच्या रकान्यात वहीत प्रश्नचिन्हच घालावे लागेल.