कृश दिसणारी स्त्री आणि उदरस्थ मेद

प्रमेही रुग्णांचे स्थूल व कृश असे दोन भेद चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहेत. बलवान स्थूलास संशोधन व दुर्बल कृशास बृंहण, हे सूत्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु 'कृश' कोणास म्हणावे याचा निर्णय केवळ वजनकाट्यावर सोपविल्यास चिकित्सेची दिशाच चुकते, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या अनेक स्त्रिया थकवा, अंगदुखी, अनियमित रजःस्राव या तक्रारी घेऊन आमच्याकडे येतात. हातपाय बारीक, वजन उंचीला साजेसे. पोट मात्र सुटलेले. अशा वेळी अशक्तपणा समजून शतावरी कल्प किंवा च्यवनप्राश देण्याचा मोह होतो. या दोहोंत साखरेचे प्रमाण बरेच असते, हे औषधालयचालकांनीही ध्यानी घ्यावे.

या विषयातील महत्त्वाचे संशोधन आपल्या पुण्यातच झाले आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के! ही प्रवृत्ती जन्मापासूनच असते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात, इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा वजनाने बऱ्याच कमी असलेल्या नवजात बालकांतही मेद तुलनेने टिकून असल्याचे आढळले.

सुश्रुताचार्यांनी उदर हे मेदाचे स्थान सांगितले आहे. आतड्यांभोवतीच्या मेदातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचतात, इन्सुलिनचे कार्य मंदावते व रक्तशर्करा आणि ट्रायग्लिसराईड वाढू लागतात, असे आधुनिक शास्त्र सांगते.

म्हणून गर्भिणी वगळता प्रत्येक प्रौढ स्त्रीरुग्णाचा कटिघेर मोजावा. शेवटची बरगडी व कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, मोजपट्टी जमिनीस समांतर धरावी. भारतीय स्त्रियांसाठी ८० सें.मी. ही मर्यादा मानली जाते. घेर त्याहून अधिक असल्यास रक्तदाब, उपाशीपोटीची व भोजनोत्तर रक्तशर्करा आणि ट्रायग्लिसराईड तपासावेत. तोवर बृंहण कल्प देऊ नयेत. तसेच केवळ पोट सुटले म्हणून तपासणीविना मेदोहर गुग्गुळही देऊ नये.

वजनकाट्याशेजारी मोजपट्टी ठेवावी, एवढीच व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.