झांकलेला ओढा पुन्हां उघडला

दक्षिण कोरियाची राजधानी जें सोल शहर, त्याच्या मध्यभागांतून चोंगग्येचॉन नांवाचा ओढा वाहतो. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर निर्वासितांनीं त्याच्या कांठीं झोपड्या उभारल्या व सांडपाणी त्यांतच मिळूं लागलें. दुर्गंधीवर उपाय म्हणून १९५८ पासून त्यावर कांक्रीटचें आच्छादन घालण्यांत आलें आणि पुढें त्यावर उंच पुलाचा राजमार्ग चढला. घाण दृष्टीआड झाली, एवढेंच.

२००३ सालीं तो पूल पाडण्यास आरंभ झाला व १ आक्टोबर २००५ रोजीं सुमारें ५.८ किलोमीटरचा प्रवाह लोकांस खुला झाला. कांठीं पाऊलवाटा आहेत, पलीकडे जाण्यास पात्रांत दगड मांडले आहेत. मासे व पक्षी परतले. उन्हाळ्यांत तेथील हवा शेजारच्या रस्त्यांहून थंड असते. जुन्या बाजारांतील फेरीवाल्यांस मात्र जागा सोडावी लागली, आणि स्तुतिपाठकांच्या लेखांत हें सहसा येत नाहीं.

दुसरेंही एक वैगुण्य आहे. मूळ ओढा वर्षाचा बराच काळ कोरडा असे. आज दिसणारें पाणी बव्हंशीं हान नदींतून पंपानें आणलेलें असून तें दररोज सुमारें १,२०,००० टन लागतें. म्हणून कित्येक तज्ज्ञ यास ओढ्याचें पुनरुज्जीवन न म्हणतां सुंदर कालवा म्हणतात, व मला तें पटतें. तरी मोटारींच्या पुलाखालीं कोणी पाय बुडवून बसत नसे, हेंही खरें. त्या पुलाचे तीन खांब आठवणीसाठीं पात्रांत मुद्दाम उभे ठेविले आहेत.