निघोजचे रांजणखळगे : सहलीतून भूगोलाचा एक पाठ

इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना ‘नदीचे कार्य’ हा पाठ शिकविताना बहुतेक शिक्षकांना एकच अडचण येते. नदी खडक झिजविते, हे वाक्य मुले बिनचूक पाठ करतात. परंतु मऊ पाणी कठीण कातळ कसा झिजवील, ही शंका त्यांच्या मनात तशीच राहते. ती बोलून दाखविण्याचे धाडस एखादाच विद्यार्थी करतो. या शंकेचे उत्तर फळ्यावर काढून देता येत नाही, ते नदीच्या पात्रातच पाहावे लागते. महाराष्ट्रात असे पात्र पाहण्याचे उत्तम स्थळ म्हणजे निघोज येथील रांजणखळगे.

निघोज हे गाव अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी आहे. पलीकडच्या तीरावर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी हे गाव लागते. दोन जिल्ह्यांची सीमा नकाशात तुटक रेषेने दाखविलेली असते. येथे ती रेषा म्हणजे प्रत्यक्ष नदी आहे, हे मुलांच्या सहज ध्यानात येते. पुण्याहून हे स्थळ सुमारे ९० किलोमीटर आहे. पुणे-नगर रस्त्याने कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव अशी गावे मागे टाकीत शिरूरला यावे आणि तेथून आत वळावे.

प्रवासातील दोन-अडीच तास गाणी व भेंड्या यांतच जावेत असे नाही. गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकड्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. त्यांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. त्या नावाचे मूळ पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला, पसरला व थिजला. एका थरावर दुसरा थर बसत गेला आणि त्यांतून आजचे दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. शाळेची पायरी, घरचा पाटा, देवळाचा चौथरा ही सारी बहुधा त्याच खडकाची, हे सांगितले म्हणजे मुलांना तो परका वाटत नाही.

कुंडाजवळ पोचल्यावर प्रथमदर्शनी मुलांची थोडी निराशा होते. आजूबाजूस साधे माळरान असते, डोंगर नाही की दरी नाही. नदीकाठच्या कातळावर आल्यावर मात्र एकदम दृश्य बदलते. पात्रातील काळ्या खडकात लहानमोठे असंख्य खड्डे, कुंडे व घळी कोरलेल्या दिसतात. कोठे वाटीएवढा खळगा, कोठे माणूस उभा बुडेल एवढा रांजण. पुष्कळ खळग्यांचे तोंड अरुंद व पोट फुगीर असते, म्हणूनच लोकांनी त्यांना रांजणाचे नाव दिले. पाठ्यपुस्तकातील पारिभाषिक शब्दही तोच आहे. परिभाषा लोकांच्या स्वयंपाकघरातून आली, असे हे थोड्या शब्दांपैकी एक उदाहरण होय.

आता मूळ शंकेकडे यावे. खडक कोणी झिजविला, असे विचारताच मुले ‘पाण्याने’ म्हणतील. ते उत्तर लगेच स्वीकारू नये. घरी उखळ असते. त्याच्या तळाला आलेला खोलगटपणा कशाने आला, असे विचारावे. धान्याने की मुसळाने? येथे पाणी हा हात आहे आणि दगडगोटे हे मुसळ. पुराचे पाणी वेगाने येते व खडकातील एखाद्या उणीव असलेल्या जागी भोवरा धरते. ती उणीव म्हणजे दोन भेगा एकमेकींना छेदतात ती जागा असेल, किंवा लाव्हारस थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्याने राहिलेली पोकळी असेल. भोवऱ्यात सापडलेली वाळू व गोटे तेथल्या तेथे गरगर फिरतात आणि तळ व भिंती घासतात. खळगा खोल झाला की त्यातून गोट्यांना सहज बाहेर पडता येत नाही. ते अधिकच फिरतात, आणि खळगा अधिकच खोल होतो. गोटेही झिजतातच. त्यांची वाळू होऊन वाहून जाते व पुढील पुरात नवे गोटे येऊन पडतात. अवजार झिजले तरी काम थांबत नाही.

याचा पुरावा जागेवरच आहे. पाणी ओसरलेल्या एखाद्या उथळ खळग्याच्या तळाशी वाटोळे, गुळगुळीत गोटे पडलेले असतात. खळग्याची आतली बाजू हाताने चाचपून पाहावी, मग वरचा उघडा कातळ चाचपावा. एक घोटीव लागतो, दुसरा खरखरीत. हा स्पर्शाचा फरक दहा वाक्यांच्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक काळ लक्षात राहतो. नंतर शेजारशेजारचे दोन खळगे शोधावेत. दोघांमधील भिंत पातळ होत जाते, तिला खिडकी पडते, शेवटी ती कोसळते व दोन रांजणांचा एक होतो. अशी रांगच्या रांग जोडली गेली म्हणजे अरुंद, खोल घळई तयार होते. नदी आपले पात्र खोल करते ती या रीतीने. कुकडीच्या पात्रात या साऱ्या अवस्था जवळजवळ पाहावयास मिळतात, आणि शिक्षकाच्या दृष्टीने या स्थळाचे खरे मोल त्यातच आहे. ‘जगातील सर्वांत मोठे’, ‘आशियातील एकमेव’ अशी विशेषणे अशा स्थळांविषयी नेहमी ऐकू येतात. मुलांनी ती वहीत उतरवून घेण्यापेक्षा एका खळग्याचे तोंड दोरीने मोजून लिहावे.

हिवाळ्यात पाहणाऱ्याला येथे काहीच घडताना दिसत नाही. पाणी संथ, गोटे निपचित. ‘मग हे चालू केव्हा असते?’ असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. खडक कोरण्याचे काम मुख्यतः पुराच्या दिवसांत होते, वर्षाचा उरलेला काळ ते जवळजवळ बंद असते. याच ठिकाणी काळाविषयी एक घोटाळा टाळला पाहिजे. खडक कोट्यवधी वर्षांचा आहे म्हणून खळगेही तेवढेच जुने, असे मुले समजतात. कधी शिक्षकही तसे सांगून मोकळे होतात. खडक आधी, नदी नंतर आणि खळगे त्याहूनही नंतरचे. घराच्या दगडाचे वय म्हणजे घराचे वय नव्हे, एवढे म्हटले तरी पुरते.

काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे. भाविकांची येथे मोठी श्रद्धा असून चैत्रात देवीची यात्रा भरते. कुंडाला तळच नाही, असेही एखादा वृद्ध ग्रामस्थ मुलांना सांगेल. त्याला तेथल्या तेथे खोडून काढणे सभ्यपणाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. खोल पाण्याजवळ मुलांनी जाऊ नये, ही पिढ्यांची सूचना अशा समजुतींत पुष्कळदा दडलेली असते. शिक्षकाने मुलांसह मंदिरात जावे, नमस्कार करावा आणि खळगा कसा होतो हे नदीकाठी सांगावे. दोन्हींत मुलांना विरोध वाटत नाही. तो बहुधा मोठ्यांनाच वाटतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. घोटलेला कातळ ओला असता विलक्षण निसरडा होतो. खळग्याचे तोंड अरुंद, पोट रुंद व भिंती गुळगुळीत. आत पडलेल्याला हात धरावयास जागा मिळत नाही. चांगला पोहणाराही अशा ठिकाणी असहाय होतो. शिवाय कुकडीवर वरच्या अंगास माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत; आवर्तन सुटले की आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. म्हणून पाटबंधारे खात्याकडे व गावात आधी चौकशी केल्यावाचून सहल नेऊ नये. पावसाळा पूर्णपणे टाळावा. भर उन्हाळ्यात कातळ तापतो. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस सर्वांत बरे. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि काठाची मर्यादा गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवून द्यावी. खोल खळग्याची खोली मोजावयाची असल्यास दोरी शिक्षकाने सोडावी, मुलांनी मागे बसून गाठी मोजाव्यात. छायाचित्रासाठी मुलांना कडेवर उभे करण्याचा मोह अलीकडे फार वाढला आहे. तो शिक्षकाने स्वतःच्या बाबतीतही आवरावा.

खळग्यातील गोटे खिशात भरून आणू देऊ नयेत. वर्गातील संग्रहासाठी काठावरचा एखादा सुटा दगड पुरे.

शाळेत परतल्यावर एक सोपा प्रयोग करावा. भाजलेल्या विटेचे कोनेदार तुकडे किराणा दुकानातील तराजूवर तोलून घ्यावेत व घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात थोड्या पाण्यासह घालावेत. मुलांनी पाळीपाळीने डबा ५०० वेळा हलवावा. मग पाणी गाळून तुकडे वाळवावेत आणि पुन्हा तोलावेत. कोपरे गोल झालेले, वजन घटलेले आणि पाणी तांबडे झालेले दिसते. घटलेले वजन गेले कोठे, हा प्रश्न मुलांवर सोडावा. कुकडीचे पाणी घोड नदीला, घोडचे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. निघोजच्या कातळाची वाळू कोणत्या वाटेने वाळवंटापर्यंत जात असेल, हे मुलांना नकाशावर बोटाने दाखविता येईल.

ज्या शाळांना एवढ्या लांबची सहल परवडत नाही त्यांनी खंत करू नये. पठारावरील पुष्कळ गावांच्या ओढ्यात कातळ उघडा पडलेला असतो व त्यात वाटीएवढे, तांब्याएवढे खळगे असतात. गावातील गुराख्यांना ते नेमके ठाऊक असतात. एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वर्ग तेथे न्यावा, खळग्यातले पाणी उपसावे आणि तळाशी काय निघते ते मुलांनाच काढू द्यावे.