चाकावर बसलेल्या भाचीला

पोरी, मेहकरात मातीची भांडी करायचं तू मनावर घेतलंस, मला फार बरं वाटलं. हात तुझा चांगला बसलाय, आता चार सवयी लावून घे.

१. माती भिजवून बारीक चाळणीतून गाळ, कंटाळू नकोस — आपल्या रानात चुनखडीचे खडे फार. भाजल्यावर तो खडा ओलावा धरून फुगतो आणि पणतीची कपची उडवतो. चाळणीत चुकलेला खडा गिऱ्हाइकाच्या दारात बोलतो, बाई!

२. वर्षाची वही सणांवर मांड: संक्रांतीची सुगडं, आखाजीची घागर, उन्हाळ्याचे माठ, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. माल महिनाभर आधी भाजून ठेव — संक्रांत सरली की सुगड फुकटही कुणी नेत नाही. माती थांबते, मुहूर्त थांबत नाही.

३. भांडं सावलीतच वाळव — उन्हात काठ आधी आकसतो, बूड ओलं राहतं आणि भेग जाते.

४. पऱ्हाट्या, तुराट्या रानं मोकळी होताच आणून कोरड्यात रच — पोळ्याचा आवा भर पावसाळ्यात लावायचा असतो.

५. माठाला ऑइलपेंट फासू नकोस, कितीही देखणा दिसला तरी — छिद्रं बुजली की पाणी झिरपत नाही, आणि झिरपल्याशिवाय गार होत नाही.

६. किंमत धरताना सरपण, गाडीभाडं, फुटतूट आणि स्वतःची मजुरी लिही. मजुरी तर आधी लिही — आपण बाया तीच हमखास सोडतो, मग विक्री होऊनही हातात काही उरत नाही.

७. मोठी ऑर्डर इसाराशिवाय घेऊ नकोस — नाव घालून केलेली पणती दुसऱ्याला विकता येत नाही.

८. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे: अवजारांना १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. नाव कुणाचं द्यायचं ते घरात बसून ठरवा — कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. कर्ज घेतलंस तर दिवाळीच्या गल्ल्यातून हप्ते आधी बाजूला काढ — फेडायला १८ महिनेच असतात.

९. लोणारला जाणारे लोक थांबतील, त्यांना पिशवीत मावेल असं काही दाखव. पण ‘सरोवराची माती’ म्हणून काही विकू नकोस — ते अभयारण्य आहे, आणि खोटंही ठरेल.

१०. पंढरपुराहून परतताना शेगावची पालखी मेहकरात येते. त्या दिवशी विक्री बाजूला ठेव, माठ भरून वारकऱ्यांना पाणी दे — त्याचा हिशेब वहीत लिहायचा नसतो.

११. दिवाळीच्या संध्याकाळी दुकान बंद करून गावातून एक फेरी मार. दारोदार आपल्याच पणत्या जळताना दिसतात. एवढं सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, मला वाटत नाही.

पोळा जवळ आलाय आणि पाऊस आज उघडलाय. बैल वाळले असतील तर आवा उद्याच लाव.