उद्याचे शुल्क, आजची किंमत : अमेरिकेतील आगाऊ शुल्क व शैक्षणिक बचत योजना

सुगीच्या दिवसांत वर्षभराचे धान्य भरून ठेवणारा गृहस्थ पुढील भाववाढीतून सुटतो. मुलाच्या महाविद्यालयीन शिक्षणाचे शुल्कही त्याच्या बालपणीच, त्या वेळच्या दराने भरून ठेवता आले तर? अमेरिकेतील काही राज्य शासनांनी १९८० नंतरच्या दशकात या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले आणि त्यातून ‘आगाऊ शुल्क योजना’ जन्मास आल्या. गेल्या चार दशकांतील त्यांचा अनुभव कोठे यशाचा, तर कोठे कटू निराशेचा आहे. भावी खर्चाची हमी देणाऱ्या कोणत्याही योजनेचा विचार करताना तो उद्बोधक ठरावा.

योजनेचा उगम

अमेरिकेत राज्य शासनाच्या विद्यापीठांतही विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागते. १९८० नंतर हे शुल्क सर्वसाधारण महागाईपेक्षा अधिक वेगाने वाढू लागले आणि मध्यमवर्गीय पालक चिंतेत पडले. मिशिगन राज्याने डिसेंबर १९८६ मध्ये कायदा करून ‘मिशिगन एज्युकेशन ट्रस्ट’ हा न्यास स्थापन केला. गव्हर्नर जेम्स ब्लँचर्ड यांच्या कारकिर्दीतील या न्यासाने १९८८ मध्ये पालकांशी करार करण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी फ्लोरिडा राज्याचीही योजना सुरू झाली. पुढे इतर राज्यांनी हाच मार्ग अनुसरला.

योजनेचे स्वरूप वरकरणी सोपे आहे. पालक एकरकमी किंवा हप्त्यांनी पैसे भरतात. न्यास ते रोख्यांत व शेअरमध्ये गुंतवतो. मूल अठरा वर्षांचे होऊन राज्यातील विद्यापीठात दाखल झाले म्हणजे, शुल्क कितीही वाढलेले असो, ते न्यासाने भरावयाचे असते.

हिशेबाची मेख

येथे धान्याची उपमा अपुरी पडते. धान्य घरच्या कणगीत असते. या व्यवहारात पालकाच्या हाती असते ती केवळ चिठ्ठी. तिची किंमत दोन दरांवर अवलंबून राहते : गुंतवणुकीवरील उत्पन्नाचा दर आणि शुल्कवाढीचा दर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. आज एका वर्षाचे शुल्क १,००० डॉलर आहे आणि पालकाने तेवढीच रक्कम भरली. न्यासाला दरसाल ६ टक्के उत्पन्न मिळाले, तर १८ वर्षांनी तिचे सुमारे २,८५४ डॉलर होतील. शुल्क दरसाल ५ टक्क्यांनी वाढले, तर ते सुमारे २,४०७ डॉलरवर जाईल. न्यासाजवळ शिल्लक उरेल. परंतु वाढ ८ टक्के झाली, तर शुल्क सुमारे ३,९९६ डॉलर होईल आणि प्रत्येक वर्षामागे सुमारे १,१४२ डॉलरची तूट येईल. ही तूट कोणी भरावयाची, हाच या योजनांतील कळीचा प्रश्न होय. निरनिराळ्या राज्यांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली.

तीन राज्यांचे अनुभव

टेक्सास राज्याने १९९६ मध्ये आपली योजना सुरू केली आणि १९९७ मध्ये मतदारांच्या संमतीने राज्यघटनेत दुरुस्ती करून तिला राज्याची हमी दिली. २००३ मध्ये मात्र विधिमंडळाने शुल्क ठरविण्याचा अधिकार सार्वजनिक विद्यापीठांच्या नियामक मंडळांकडे सोपविला. शुल्क किती वाढेल याचा अंदाज बांधणे अशक्य झाल्याने त्याच वर्षी नवे करार बंद करण्यात आले. जुन्या करारांना घटनात्मक हमीचे संरक्षण राहिले. त्यांचे दायित्व राज्याच्या तिजोरीवर आले.

अलाबामा राज्यातील पालकांना एवढे संरक्षण नव्हते. तेथील योजना १९९० मध्ये सुरू झाली. निधीचा मोठा हिस्सा शेअरमध्ये गुंतविलेला होता. एकीकडे शुल्क झपाट्याने वाढत गेले आणि दुसरीकडे २००८ च्या आर्थिक संकटात शेअरबाजार कोसळला. निधी पुरणार नाही हे २००९ मध्ये उघड झाले. राज्याने योजना चालविली म्हणजे राज्याची हमी असणारच, अशी असंख्य पालकांची समजूत होती. करारात मात्र तशी निःसंदिग्ध हमी नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये विधिमंडळाने पुढील वर्षांत हप्त्यांनी ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे ठरविले. तरीही अखेरच्या तडजोडीत न्यासाने २०१० च्या दरापुरतेच शुल्क द्यावे आणि वरचा फरक कुटुंबांनी सोसावा, असे ठरले. ज्या भाववाढीपासून सुटण्यासाठी पैसे भरले, तीच अखेर पालकांच्या वाट्यास आली.

फ्लोरिडाची योजना आजही चालू आहे. तिला कायद्याने राज्याची हमी आहे आणि शुल्कवाढीवरही विधिमंडळाचे नियंत्रण आहे. २०१४ मध्ये शुल्कवाढीला कायद्याने आळा घालताच नव्या करारांची किंमत जवळपास निम्म्यावर आली. हमी देणारा आणि शुल्क ठरविणारा यांचा मेळ असेल तरच अशी योजना तग धरते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

काही खाजगी महाविद्यालयांनी २००३ पासून संयुक्त योजना चालविली आहे. तीत तुटीची जबाबदारी सहभागी महाविद्यालये स्वतः उचलतात. ज्याने शुल्क वाढवावयाचे, त्यानेच वाढीचा भार सोसावयाचा, असे या व्यवस्थेचे तत्त्व आहे.

बचत योजनांचा मार्ग

दुसरा प्रकार शैक्षणिक बचत योजनांचा. १९९६ मध्ये संघराज्य शासनाने प्राप्तिकर कायद्यात ५२९ क्रमांकाचे कलम घातले. त्यामुळे दोन्ही प्रकारांना करविषयक स्पष्ट आधार मिळाला. बचत योजनेत शुल्काची हमी नसते. पालक खात्यात पैसे भरतात, ते बाजारात गुंतविले जातात आणि वाढलेली रक्कम कोणत्याही राज्यातील मान्यताप्राप्त महाविद्यालयात शुल्क, पुस्तके, निवास व भोजन यांसाठी वापरता येते. अशा खर्चासाठी काढलेल्या रकमेवरील उत्पन्न २००२ पासून संघीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. रक्कम अन्य कारणासाठी काढल्यास मात्र उत्पन्नाच्या भागावर कर आणि सर्वसाधारणपणे आणखी १० टक्के आकार द्यावा लागतो.

येथे जोखीम सर्वस्वी कुटुंबाची असते. ती कमी करण्यासाठी मूल लहान असताना शेअर अधिक आणि महाविद्यालयाचे दिवस जवळ येतील तसे सुरक्षित रोखे अधिक, अशी वयानुसार बदलणारी गुंतवणूक रूढ झाली. परंतु २००८ मध्ये ओरेगॉनसह काही राज्यांत सुरक्षित मानलेल्या रोख्यांतच मोठे नुकसान झाले आणि प्रवेशाच्या उंबरठ्यावरील मुलांची पुंजी घटली. ‘सुरक्षित’ या शब्दामागे नेमकी कोणती गुंतवणूक आहे हे तपासून पाहणे किती अगत्याचे आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

लाभ कोणाला?

करसवलतीचा लाभ ज्याच्याजवळ बचत करण्याजोगे उत्पन्न आहे त्यालाच मिळतो, हे ओघानेच आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१२ च्या अहवालानुसार, २०१० मध्ये ३ टक्क्यांहून कमी कुटुंबांनी अशा खात्यांत बचत केली होती, आणि त्यांची मध्यक वित्तीय मालमत्ता इतर कुटुंबांच्या सुमारे २५ पट होती. ही विषमता कमी करण्याचा एक उपक्रम मेन राज्यात झाला. तेथे २०१३ पासून जन्मलेल्या प्रत्येक निवासी बालकाच्या नावे एका धर्मादाय निधीतून ५०० डॉलर आपोआप ठेवले जातात. त्यासाठी पालकांना अर्जही करावा लागत नाही.

आपल्याकडील संदर्भ

भारतातील सुकन्या समृद्धी योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा उद्देश मुलींच्या शिक्षणाशी निगडित असला तरी स्वरूप बचतीचे आहे. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे खाते उघडता येते, १५ वर्षे भरणा करावयाचा असतो आणि मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी आधीच्या वर्षअखेरीच्या शिलकेपैकी ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. ठेव व व्याज यांस केंद्र शासनाचा आधार आहे. शुल्क किती वाढेल याची हमी मात्र त्यात नाही. महाराष्ट्र शासनाने शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना पूर्ण शुल्कमाफी दिली आहे. या मार्गात शुल्काचा भार थेट शासन उचलते.

ग्रामपंचायतीत, शाळेत वा पालकसभेत एखाद्या शैक्षणिक योजनेची माहिती देताना शिक्षकांनी व कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. वचन रकमेचे आहे की शुल्काचे? तूट आल्यास ती कोणी भरावयाची, आणि तसे लेखी नमूद आहे काय? मुलाने वेगळा मार्ग निवडला तर पैसे कोणत्या अटींवर परत मिळतील? अलाबामातील पालकांनी पैसे वेळच्या वेळी भरले होते. दुसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर तेवढे त्यांच्या हाती नव्हते. मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला ठेवणाऱ्या कुटुंबाला असे उत्तर सही करण्यापूर्वीच मिळाले पाहिजे.