खेकड्याचे बीळ आणि ‘उद्या बघू’

‘उद्या बघू’ हे शब्द आपण रोज ऐकतो. पुस्तकी भाषेत त्याला चालढकल म्हणतात. माणसे चालढकल का करतात आणि ती केवढ्याला पडते, हे मला खाडीच्या बांधावरून समजले. ते मी येथे लिहीत आहे.

आपल्या पनवेलला खाडी आहे. खाडीकाठची बरीच शेते नवी मुंबई उभी राहताना गेली. पेण, उरण, अलिबागकडे मात्र अजून खारी शेती आहे. माझे आजोळ पेण तालुक्यात आहे. तिथे शेत खाली आणि भरतीचे पाणी वर, अशी जमीन आहे. मध्ये फक्त मातीचा बांध. तो आहे म्हणून भात आहे.

बांधात खेकडे बिळे करतात. बीळ मुठीएवढे असते. तेव्हाच बुजवले तर दोन-चार घमेली चिखल पुरतो. नाही बुजवले तर पाणी झिरपते, माती नेते, भोक मोठे होते आणि बांध फुटतो. त्याला खांड पडली म्हणतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. मी गणित करून पाहिले. पंधरा दिवसांत भरती २९ वेळा येते! खांड पडल्यावर पाणी दर वेळी थोडी माती घेऊनच जाते.

मामांच्या बांधाला माघ महिन्यात बीळ दिसले होते. बांध खासगी, म्हणजे शेतकऱ्यांनीच राखायचा. कोणी म्हणाले, होळी होऊ दे. मग लग्नसराई आली. वैशाखात म्हणाले, ऊन फार आहे. मग पाऊस लागला आणि ओली माती बांधावर ठरेना. मामी म्हणते, कोणी आळशी नव्हते, सगळे दिवसभर राबत होते. मला वाटते खरे कारण वेगळे आहे. बीळ लहान होते आणि त्या दिवशी कोणाचेच नुकसान होत नव्हते. शिवाय बांध सगळ्यांचा, म्हणून प्रत्येकाला वाटले दुसरा कोणी जाईल. शेजारच्या एक आजी मात्र रोज सांगायच्या, कारण त्यांचे शेत सर्वांत सखल.

आषाढी अमावास्येच्या उधाणात खांड पडली. लावणी नुकतीच झाली होती. पहिले पाणी आजींच्याच शेतात शिरले. पाणी काही विचारत नाही, कोणी सांगितले होते आणि कोणी टाळले होते.

माती खारट झाली की पाणी असूनही भाताच्या मुळांना ते नीट ओढता येत नाही. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. तिथे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती काढल्या. त्या थोडा खारटपणा सोसतात. पण समुद्राचे पाणी रोज शेतात यायला लागले तर त्या तरी काय करणार? मामा म्हणतात, मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. दोन वर्षे त्यांनी तांदूळ विकत आणला. ज्यांच्या कणग्या भरलेल्या असायच्या त्यांना दुकानात उभे राहावे लागले, हे आजीला फार लागले.

खांड तशीच राहिली तर शेतात तिवरे उगवतात. बांधाबाहेरची तिवरे चांगली, ती लाटा अडवतात. पण शेतात वाढली तर तोडता येत नाहीत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली आहे. म्हणजे शेत कागदावर आपले, पण नांगर घालता येत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. थांबणे म्हणजे दर वेळी चालढकल नव्हे. खांड उधाणात बांधता येत नाही. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती कमी चढते, त्याला भांग म्हणतात. त्याची वाट पाहावीच लागते. पण त्या थांबण्याला तिथी असते. ‘उद्या बघू’ला तिथी नसते.

आता मामांच्या गावाने ठरवले आहे की माघातल्या अष्टमीला सगळ्यांनी मिळून बांध फिरून पाहायचा आणि बिळे त्याच दिवशी बुजवायची. ज्याच्या घरचे कोणी येणार नाही, त्याने एका गड्याची मजुरी द्यायची. मामांनी कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेन्सिलीने गोल केला आहे. शेजारच्या आजी येऊन तो बघून गेल्या.